वाफेची नळी बंद करू न देणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठं छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून मुली म्हणतात तसं नुसतं मामाच लिहिते. पत्र मात्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहितेय. बालाघाटच्या या पट्ट्यात आमच्यासारखी वसतिगृहं आहेत, त्यांच्या अंगणातही लाकडावरचे बॉयलर आहेत. तुम्ही जे दाखवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

दिवाळी झाली की आमच्या मुलींचे आईबाप ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. लेकरं हंगाम संपेपर्यंत आमच्याकडे. डिसेंबरात अंबाजोगाईच्या बाजूला पहाटे हुडहुडी भरते, गरम पाण्याशिवाय भागत नाही. आणि यंदा तर बॉयलर आवरेना. पाणी ठरल्याइतकं तापलं की जाळाचा पंखा बंद करणारा थर्मोस्टॅट 70 अंशांवर लावलेला, तरी मध्यरात्रीनंतर काटा नव्वदीच्या पुढं. वरच्या मोकळ्या नळीतून वाफ आणि उकळतं पाणी भसाभस बाहेर. 60 अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजतं. आमच्या न्हाणीघरात त्याहून कढत पाणी येत होतं, त्यामुळं लहान मुलींना तोटीला हात लावू द्यायची भीती वाटायची.

जो तो सांगत होता, थर्मोस्टॅट बदला. एकानं तर वेगळाच उपाय काढला: वरच्या नळीला व्हॉल्व्ह बसवून ती बंदच करून टाका. आपल्या भागात हे पटकन पटतं, मामा. विकतच्या टँकरचं पाणी डोळ्यांदेखत वाफ होऊन जाताना बघवत नाही. व्हॉल्व्ह आणलासुद्धा होता. तेवढ्यात तुम्ही आलात आणि म्हणालात, "ताई, ती नळी उघडी हाय म्हणून तुमची लेकरं सुखरूप हायत."

साखर कारखान्याच्या बॉयलरवर तुमची उमर गेली. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते, हे तुम्ही स्वयंपाकाच्या मावशींना समजावून सांगितलंत. आमच्या बॉयलरचा पत्रा दाब सोसायला बनवलेलाच नाही, त्याची सगळी मदार त्या उघड्या नळीवर. आपल्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून काटा तिथंच अडतो. नळी बंद केली असती तर तो तिथं थांबला नसता. या एका गोष्टीसाठी तुमचे आभार कसे मानावेत, मला खरंच कळत नाही.

मग तुम्ही थर्मोस्टॅटला हात न लावता ब्लोअरपाशी, म्हणजे जाळाला वारं देणाऱ्या पंख्यापाशी, जाऊन बसलात. पंखा बंद होता, आणि आत जाळ मात्र भडकलेला. म्हणजे थर्मोस्टॅटनं त्याचं काम केलं होतं. "पंखा बंद हाय, तरी जळतंय. वारं कुठून तरी शिरतंय." उदबत्ती पेटवून तुम्ही ती दाराच्या कडेनं सावकाश फिरवलीत. खालच्या कोपऱ्यात धूर सरळ आत ओढला गेला. दुसऱ्या दिवशी बॉयलर थंड झाल्यावर वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावायला सांगितलंत. वरच्या बाजूला पट्टी घट्ट बसायची, त्या कोपऱ्यातून अलगद निघून यायची. दाराची ग्लास फायबरची दोरी तिथं दबून सपाट झाली होती. राखेच्या दाराच्या खोबणीत राख साचून घट्ट झालेली. आणि पंख्यापुढची झडप! डांबरासारखा काळा चिकटा धरून त्यात कोळशाचा खडा अडकलेला, त्यामुळं ती बोटभर उघडीच राहायची. ओली लाकडं घातली की असा चिकटा धरतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

तोटीचं पाणी भांड्यात घेऊन तुम्ही वेगळ्या थर्मामीटरनं मोजलंत, तर काट्यापेक्षा जास्त भरलं. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर त्याच्या खोबणीतून निम्मा बाहेर सरकला होता. तो पूर्ण आत सारला, आणि झालं.

लाकडाचंही तुम्ही बरोबर ओळखलंत. कपाशीच्या पऱ्हाट्या फुकट मिळतात, म्हणून रात्री भट्टी त्यांनीच गच्च भरली जायची. त्या एकदम पेट घेतात, आणि तेवढी उष्णता घ्यायला रात्री पाणी वापरणारं कुणी नसतं. आता पऱ्हाट्या पेटवणापुरत्या, वर बाभळीचे वाळलेले ओंडके, तेही सकाळच्या आंघोळीपुरतेच.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की नवी दोरी तुम्ही स्वतः बसवली नाहीत. मावशींच्या हातून बसवून घेतलीत, दोनदा उचकटून पुन्हा. काटा चढलाच तर काय करायचं, तेही त्यांच्याकडून पाठ म्हणवून घेतलंत. भट्टीचं दार उघडायचं नाही, हवा मिळाली की जाळ वाढतो. पाणी फिरवणारा पंप चालू ठेवायचा. न्हाणीघरात कुणाला जाऊ न देता गरम पाण्याच्या तोट्या सोडायच्या, टाकीतून गार पाणी येत राहतंय ना हे बघायचं. आणि आतलं पाणी आटलं असेल तर तापलेल्या बॉयलरात गार पाणी मुळीच घालायचं नाही, आधी विस्तव विझू द्यायचा. मागच्या आठवड्यात रात्री वीज गेली, पंप थांबला आणि काटा चढायला लागला. मावशी न घाबरता उठल्या. झडप चिकटलेली नाही ना ते बाहेरून हलवून बघितलं, दाराला हात लावला नाही, वीज येईपर्यंत तिथंच बसून राहिल्या. काटा पंचाऐंशीच्या आत राहिला.

आता रोज सकाळी खोबणीतली राख काढली जाते. उदबत्तीचं काम सातवीच्या मुलींनी मागून घेतलंय, दर रविवारी मावशींसोबत त्या दाराभोवती फिरवतात. धूर सरळ वर गेला की टाळ्या वाजवतात.

बोअरच्या पाण्यानं आत क्षाराचा थर धरलाय, तो मे महिन्याच्या सुट्टीत काढू, असं तुम्ही म्हणाला होतात. मुली तेव्हा गावी गेलेल्या असतील, पण मावशी आणि मी इथंच आहोत. येण्याआधी फक्त निरोप धाडा, बॉयलर आदल्या दिवशीच रिकामा करून ठेवू.

आपली,
वसतिगृहाची अधीक्षिका, मावशी आणि सगळ्या मुली