रिवाइंडिंगवाल्या काकांना, सिडको

काका, त्या दिवशी माझा स्लॉट कारचा ट्रॅक दुरुस्त करून तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि मी पण बावळटासारखा नुसता थँक्यू म्हणून मोकळा झालो, ते काही डोक्यातून जात नाहीये म्हणून सगळ्यांसमोरच लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, स्लॉट कार म्हणजे रिमोटची गाडी नव्हे. ट्रॅकला खाच असते, गाडीच्या नाकाखालची पट्टी त्यात बसते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंनी करंट मिळतो, आपल्या हातात फक्त स्पीड. विकतचा ट्रॅक खिशाला झेपेना म्हणून पोरासाठी (बायको म्हणते स्वतःसाठी) 8 बाय 4 ची एमडीएफ शीट आणली, राउटरने (लाकडात खाच पाडायचं मशीन) 3 एमएमच्या दोन खाचा मारल्या, कडेने तांब्याची टेप लावली. आणि 1:32 ची (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढी) गाडी प्रत्येक राउंडला लांबच्या वळणावर जाऊन मरायची! महिनाभर मी गाडीलाच शिव्या देत बसलो.

तुम्ही दुकान बंद करून मल्टिमीटर घेऊन तीन जिने चढून आलात. मी म्हटलं, बघा ना, 12 व्होल्ट तर दाखवतंय. तुम्ही म्हणालात, "उभ्या गाडीचं काय बघतो, लोड दे." पोराने गाडी हाताने दाबून धरली, मी कंट्रोलर दाबला आणि मीटर धाडकन 7 वर. मग जिथे मी टेपवर टेप चढवली होती तिथे तुम्ही नख लावून ती उचलली, म्हणालात खालचा गोंद करंट जाऊ देत नाही रे, हे नुसतं दिसायला जोडलंय. एकेक जॉइंटला सोल्डर, झटकन, नाहीतर टेप सुटते, आणि बोर्डाखालून जाड वायर टाकून लांबच्या टोकाला वेगळा सप्लाय. तासाभरात 11 च्या वर!

मग गाडी वळणावर उडायला लागली ती वेगळीच गंमत. कंपनीच्या ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्या गाडीखालच्या मॅग्नेटला धरून ठेवतात, तांब्याला मॅग्नेट चिकटतच नाही. तुम्ही काही न बोलता सोल्डर वायरचं वेटोळं करून वजन म्हणून गाडीच्या पोटात चिकटवलंत.

आणि नंतर "एकच राउंड बघतो" म्हणत साडेदहापर्यंत बसलात, काकूंचे दोन फोन कट केलेत, ते मी कोणाला सांगितलं नाही. आत्ता सांगितलं.

रविवारी या. पण आतली लेन माझी, ती छोटी पडते हे मला आता कळलंय.