खिडकीजवळच्या टेबलाविषयी चि. मृण्मयीस

कोल्हापूर,
दि. १२ ऑक्टोबर

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

चौकटीच्या कागदावर काढलेला नव्या घराचा नकाशा पोचला. कोपऱ्यात बाण काढून उत्तर दिशा दाखवायला तू विसरली नाहीस, त्यामुळे ड्रॉइंग मास्तरच्या घरी जन्मल्याचे सार्थक झाले, असे तुझी आई म्हणाली. मला मात्र त्या बाणानेच घोर लावला, कारण ज्या खिडकीत तुला चित्राचे टेबल मांडायचे आहे आणि जिच्यातून अजिंक्यतारा समोर दिसतो, ती हॉलची खिडकी थेट दक्षिणेची आहे. आणि चित्राला उजेड उत्तरेचा हवा, हे वाक्य मी तीस वर्षे मुलांकडून घोकवून घेत आलो. सातारा शहर किल्ल्याच्या उत्तर अंगाला वसले असल्यामुळे हा पेच तिथल्या पुष्कळ घरांत असणार: किल्ला पाहायचा तर तोंड दक्षिणेला करावे लागते, आणि उत्तरेला तोंड केले की किल्ला पाठीशी जातो.

उत्तरेच्या उजेडाचे महत्त्व पोथीतले नाही. त्या खिडकीतून ऊन येत नाही, आकाशाचा उजेड तेवढा येतो, त्यामुळे सकाळी दहाला वस्तूची सावली जिथे पडलेली असते तिथेच ती दुपारी तीनलाही बऱ्यापैकी टिकून असते, आणि मिसळलेला रंग तासाभराने वेगळा दिसत नाही. हा नियम युरोपातल्या चित्रकारांच्या पोटमाळ्यांतून आपल्याकडे आला आणि आपण तो जसाच्या तसा घेतला. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलै संपेपर्यंत सूर्य भर माध्यान्हीसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपे ऊन आत येते. जून-जुलैत ढग असल्यामुळे ते जाणवत नाही. पण मे महिन्यात मी ते सोसलेले आहे.

आता माझ्याच कोपऱ्याची गोष्ट सांगतो. ती तुझ्या जन्माआधीची असल्यामुळे तुला ठाऊक नाही. जुन्या घरातल्या माडीवर मी अगदी पुस्तकी पद्धतीने उत्तरेच्या खिडकीशी टेबल लावले. उजेड उत्तम होता, पण समोर दहा फुटांवर शेजाऱ्यांची भिंत होती आणि त्या भिंतीवर पाहण्याजोगे काही म्हणजे पावसाळ्यात चढणारे शेवाळ. एका दिवाळीत त्यांनी ती भिंत शेंदरी रंगाने रंगवून घेतली. त्या आठवड्यात मी एका वृद्ध गृहस्थांचे व्यक्तिचित्र करत होतो. भिंतीवरून परतलेला शेंदरी उजेड कागदावर पडत होता, आणि तो डोळ्यांच्या लक्षात न आल्यामुळे मी तो कापण्यासाठी नकळत गालांत निळा-हिरवा वाढवत गेलो. चित्र अंगणात नेले तेव्हा गृहस्थ कावीळ होऊन बरे झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी सौजन्याने ते चित्र घेतले आणि घरी कधी लावले नाही.

पण खरी अडचण भिंतीच्या रंगाची नव्हती. त्या माडीवर मला बसवत नसे. जलरंगाचा पहिला हात दिला की तो वाळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते, आणि त्या वेळात नजरेला जायला जागा नसेल तर माणूस उठतो, खाली जातो, चहा घेतो, आणि परत वर यायचे राहून जाते. अखेरीस माझी स्केचबुके भरली ती मागल्या दाराच्या पायरीवर, परसातल्या पेरूकडे तोंड करून, जिथला उजेड कोणत्याही शिक्षकाने नापासच केला असता. त्या पायरीवरून उठवण्यासाठी तुझ्या आईला दोनदा हाक मारावी लागे.

म्हणून माझे मत असे आहे, आणि निवृत्त शिक्षकाने ते लेखी देणे थोडे अवघड आहे, की तू टेबल दक्षिणेलाच मांड. ऊन दोन मीटर मलमलीने आवरता येते. बसण्याची इच्छा मात्र कशानेही शिवून आणता येत नाही. तुझी मागची खोली उत्तरेची आहे, तिथल्या भिंतीला एक खिळा ठोकून ठेव. रंगाविषयी शंका आली की चित्र तिथे नेऊन टांगायचे, चार पावले मागे सरकून पाहायचे आणि परत यायचे.

टेबल खिडकीला समोरासमोर लावू नकोस, आडवे लाव. उजव्या हाताने काम करणाऱ्याला खिडकी डावीकडे ठेवायला सांगतात, म्हणजे हाताची सावली कुंचल्याच्या टोकावर पडत नाही. तू डावखुरी आहेस, तेव्हा खिडकी तुझ्या उजवीकडे हवी. नकाशात तू ती डावीकडे काढली आहेस, ती शाळेतल्या बाकांची सवय असावी. मान जरा वळवली की किल्ला दिसेल आणि वळवली नाही तर फक्त कागद दिसेल, अशी ती मांडणी होईल.

चौरंग मांडून जमिनीवर बसण्याचा तुझा बेत मला आवडला होता, पण मोजून पाहिल्यावर तो सोडावा लागेल असे दिसते. खिडकीचा कट्टा जमिनीपासून तीन फुटांवर आहे असे तू लिहितेस. मांडी घालून बसल्यावर तुझे डोळे अडीच फुटांच्या आसपास येतील, म्हणजे तुला कडाप्प्याची कड, ग्रिलचे गज आणि वर आभाळ, एवढेच दिसेल. उंच स्टूल आणि त्याला जुळणारे टेबल घे. स्लायडिंग खिडकीच्या दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तो ॲल्युमिनियमचा उभा पट्टा बरोबर दूरदर्शनच्या मनोऱ्यावर येतो, ही तुझी तक्रारही टेबल फूटभर सरकवल्याने मिटेल. त्यासाठी सुताराला बोलावू नकोस.

पडद्याची गरज तुला वर्षभर लागणार नाही. एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो आणि खिडकीवरचा सज्जाच ऊन अडवतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य जेमतेम पन्नास अंशांवर असतो, तेव्हा ऊन सज्जाखालून दोन-तीन फूट आत येऊन नेमके टेबलावर बसेल, पांढरा कागद डोळ्यांना झोंबेल आणि रंगाचा हात पसरण्याआधीच वाळून त्याला कडा पडतील. पांढरीशुभ्र, बिनफुलांची मलमल लाव, कारण रंगीत पडदा म्हणजे माझ्या शेजाऱ्यांची भिंतच. समोरच्या भिंतीवर, जिथे हे ऊन पोचेल तिथे, पूर्ण झालेली चित्रे लावू नकोस. स्वस्त डब्यांतले किरमिजी आणि जांभळे रंग दोन हिवाळ्यांत उडून जातात.

पावसाळ्याला अजून आठ महिने आहेत, तरी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. साताऱ्याच्या ओल्या हवेत कागदाला बुरशी येतेच, पण तिच्याही आधी कागदाची खळ, म्हणजे रंग एकदम शोषू न देणारा लेप, मरते, आणि मग चांगला जाड, ३०० जीएसएमचा कागदही टीपकागदासारखा रंग पिऊन डाग-डाग दाखवतो. कागद भिंतीला टेकलेल्या कपाटात न ठेवता पलंगाखाली फळीवर, प्लास्टिकमध्ये बांधून ठेव. रंगाची डबी मात्र ओली असताना मिटू नकोस, कारण रंगात डिंक असतो आणि बुरशीला तो गोड लागतो.

रात्री बसणार असशील तर पिवळा दिवा नको. ५००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर असलेला एलईडी माग. दुकानदार पहिला आकडा सांगेल, दुसरा खोक्यावर आपण वाचायचा.

आता किल्ल्याविषयी. तुला दिसणारी बाजू ही त्याची उत्तरेची उतरण आहे, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य त्याच्या पाठीशी राहील आणि सकाळ-संध्याकाळ तो तुला एका सपाट निळ्या-करड्या आकारासारखा दिसेल. त्या वेळी त्याच्यावरची झाडे शोधू नकोस, माथ्याची रेघ तेवढी नीट काढ. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळून उतरण पिंगट होते आणि एखाद्या संध्याकाळी डोंगरांवर वणव्याची तांबडी रेघ सरकताना दिसते. ती पाहून वाईट वाटते, तरीही हात कुंचल्याकडे जातो. जूनमध्ये ढग माथा पुसून टाकतात आणि पंधरा दिवसांत सगळी उतरण हिरवी होते. आबालाल रहिमान यांना शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार नेमले होते, पण ते राहिले कोटीतीर्थाच्या काठी आणि तेच पाणी, तेच काठ वेगवेगळ्या प्रहरी रंगवत राहिले. लहानपणी मी तुला त्या तळ्यावर नेले होते, तेव्हा तू फक्त म्हशी मोजल्या होत्यास. आता पुन्हा नेईन.

दिवाळीनंतर मी एसटीने येतो. माझा मोठा ड्रॉइंग बोर्ड तुला देऊन टाकतो आहे. त्याच्या एका कडेला तू तिसरीत असताना कर्कटकाने स्वतःचे नाव कोरले होतेस, ते मी घासून काढलेले नाही.

तुझा,
बाबा

ता. क. : फोटोत खिडकीची काच मला हिरवट वाटते. ती उन्हासाठीची रंगीत काच असेल तर मिटलेल्या खिडकीआड बसून रंग मिसळू नकोस, झडप सरकवूनच बस. झडप कोणत्या बाजूला सरकते ते उलट टपाली कळव, म्हणजे आईला मलमल त्या मापाची शिवता येईल.