दिवाळी अंकवाल्या ताईंना

ताई,
स. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांनी वाचावं म्हणूनच लिहितेय, त्यामुळे तुमचं नाव घालत नाही. साताऱ्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

हस्ताचा पाऊस ओसरला. सकाळी अजिंक्यताऱ्यावर धुकं असतं आणि दुपारी ऑक्टोबर हीट अंग भाजून काढते. कासकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आटलीय, रस्त्याकडेला सोयाबीन वाळत पडलंय, झेंडूचा भाव दर बाजाराला वेगळा. कवितेतला शरद निरभ्र आकाशाचा आणि टिपूर चांदण्याचा. आमच्या घरचा मात्र तुमच्या वाचनालयाच्या फळ्यावर ‘दिवाळी अंक योजना सुरू’ असं खडूनं लिहिलं की लागतो. माझे वडील, अण्णा, त्या दिवसापासून दोनदोनदा चष्मा पुसतात.

गेल्या वर्षी ऐन कोजागरीच्या सुमाराला त्यांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं पाठोपाठ झाली. डोळ्यांत थेंब, काळा चष्मा, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि नवा नंबर मिळेपर्यंत बारीक अक्षर वाचणं बंद. जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला, तरी या माणसाला टीव्हीचा आवाज सोसत नाही. दिवसभर करणार काय? यंदा आमचं नाव योजनेत घालू नका, एवढंच सांगायला मी आले होते. तुम्ही ऐकून घेतलंत, पावती फाडलीत आणि म्हणालात, “त्यांना वाचता येत नाही, तुम्हाला येतं ना? काय वाचून दाखवायचं ते मी सांगते.”

आणि खरंच सांगितलंत. घरी आलेल्या प्रत्येक अंकाच्या खाकी कव्हरात एक चिठ्ठी असायची, पेन्सिलीनं लिहिलेली. पान नंबर आणि पुढे शेरा. ‘संवाद भरपूर, वाचायला सोपी.’ ‘दोन बैठकीत होईल.’ ‘मुलाखत लांबलीय, मधली चार पानं सोडा.’ एका कथेपुढे फक्त ‘जेवणाआधी नको’. आम्ही अर्थातच जेवणाआधी वाचली आणि अण्णांनी भाकरी बाजूला सारली. ‘धनंजय’मधल्या रहस्यकथेला तुम्ही थांबायची जागासुद्धा आखून दिली होती, पण तिथे थांबू देतील ते अण्णा कसले! रात्री घसा बसेपर्यंत वाचायला लावलं.

सगळ्यात मोठे उपकार ‘आवाज’च्या बाबतीत. त्यातली ती खिडकीची चित्रं म्हणजे कापलेल्या चौकटीतून भलतंच काही दिसतं आणि पान उलटलं की साधंच निघतं. ती बापाला वर्णन करून सांगायची वेळ माझ्यावर आली असती. तुमची चिठ्ठी होती, ‘हा नवा चष्मा आल्यावर, त्यांचा त्यांना.’ चष्मा आला त्याच दिवशी अण्णांनी तो अंक मागून घेतला आणि गॅलरीत एकटेच बसून हसत होते. एका खिडकीची फाटलेली कड तुम्ही मागून पातळ कागद लावून इतकी बेमालूम सांधली होती, की ती त्यांनी बोट फिरवून मला मुद्दाम दाखवली. मेकॅनिक माणूस, जोडकाम आधी बघणार.

दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, दिवाळी अंकात आता राम राहिला नाही, नुसत्या जाहिराती आणि राशिभविष्य. राशिभविष्याचं मलाही पटतं, बारा पानं फुकट जातात. पण जाहिरातींवर मी चिडत नाही. एवढा जाडजूड अंक नुसत्या किमतीवर निघणारच नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ही आपली रीत झाली. तिकडे बंगाल्यांचे दुर्गापूजेचे जाडे अंकही याच दिवसांत निघतात. पिकं हाताशी आलेली, पाऊस थांबलेला, संध्याकाळ लवकर होते, माणूस वाचायला बसणार नाही तर काय करणार?

मात्र एवढे अंक विकत घेणं आमच्यासारख्यांना झेपत नाही. एकदा वर्गणी भरायची आणि शिमग्यापर्यंत एकेक अंक बदलून न्यायचा, ही तुमची योजना आहे म्हणून ‘मौज’, ‘हंस’, ‘दीपावली’ एकाच घरात वाचून होतात. त्यासाठी तुम्ही काय करता ते अंक बदलायला आलं की दिसतं. नवे अंक आले की कव्हरं घालायची, शिक्के मारायचे, कुणी कुठला नेला ते वहीत लिहायचं आणि पंधरा पंधरा दिवस अंक दाबून ठेवणाऱ्यांना न रागावता फोन करायचा. वर त्या चिठ्ठ्या! त्या लिहायच्या म्हणजे प्रत्येक अंक आमच्या आधी तुम्ही वाचलेला असणार, तोही वाचनालय बंद झाल्यावर, घरच्या फराळाच्या धांदलीत. याचे पैसे कुणी देत नाही, हे मला ठाऊक आहे.

अण्णांना आता स्वच्छ दिसतं. तरी चिठ्ठ्या बंद करू नका, असा त्यांचा निरोप आहे. मधली चार पानं कुठली सोडायची ते आधी कळलेलं बरं, म्हणतात.

यंदाची वर्गणी घेऊन आम्ही दोघंही शनिवारी संध्याकाळी येतोय. त्यांना जिना चढायला वेळ लागेल, तेवढं काउंटर उघडं ठेवा. आणि ‘आवाज’साठी पहिला नंबर अण्णांचा लावा, मी मागून वाचेन.

तुमची,
योजनेतली एक सभासद