आधी ऑर्डर, मग तोडणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या राजारामपुरीतल्या तीसेक घरांनी गेल्या पावसाळ्यापासून पन्हाळ्याकडच्या शेतकऱ्यांबरोबर व्हॉट्सअॅपवर बाजार चालू केलाय, म्हणजे बुधवारी ते लिस्ट टाकतात, शुक्रवारी रात्रीपर्यंत आपण ऑर्डर द्यायची आणि रविवारी सकाळी टेम्पो येतो. जेवढी ऑर्डर तेवढीच तोडणी, त्यामुळं मेथी-कोथिंबीर नासत नाही, दर शेतकरी स्वतः लावतो, मधी अडत्या नाही. 2016 मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे तो बाजार समितीतच विकायचं बंधन राहिलं नाही, अशी थेट विक्री करता येते, पण हे अजून बऱ्याच लोकांना माहितीच नाही हो!

भाजीचंच नाही, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला जीआय (त्या-त्या भागातल्या खास मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन) आहे, आपल्या गुळालाही आहे, तरी मला एका दुकानात घनसाळ म्हणून भलताच तांदूळ दिला, शिजल्यावर वासच नाही, लई वाईट वाटलं. आता आजऱ्याच्या शेतकऱ्याकडनंच मागवतो.

अडचण एकच, माल उतरवायला जागा. रस्त्यावर टेम्पो लावला की ट्रॅफिक अडतं, शेतकऱ्याला बोलणी बसतात. महापालिकेनं रविवारी फक्त दोन तास शाळांची पटांगणं उघडून द्यावीत, भाडं घ्या पाहिजे तर, आम्ही वर्गणी काढून भरतो.

– एक गृहिणी, राजारामपुरी, कोल्हापूर