वर्गातील सूचनांबाबत स्मरण

सर्व शिक्षक सदस्यांना नमस्कार.

मुलं ऐकत नाहीत, ही तक्रार गटात वारंवार येते. बरेचदा अडचण मुलांची नसते, सूचनेचीच असते. "वही काढा, तारीख घाला, पान ४२ उघडा, तिसरं गणित सोडवा आणि जोडीदाराला दाखवा" हे एका दमात सांगितलं की शेवटचा भागच लक्षात राहतो. मोठ्या माणसाच्याही कार्यकारी स्मृतीत (म्हणजे काम करताना गोष्टी तात्पुरत्या डोक्यात धरून ठेवणाऱ्या स्मृतीत) एका वेळी जेमतेम ४ गोष्टी मावतात, लहान मुलांच्या त्याहून कमी. म्हणून पायऱ्या फळ्यावर लिहा आणि काम संपेपर्यंत पुसू नका.

बोलण्याआधी वर्ग शांत होऊ द्या. गोंगाटावर आवाज चढवून दिलेली सूचना पुन्हा द्यावीच लागते. साहित्य वाटायचं असेल तर आधी सूचना, मग वाटप. हातात कागद आला की कान बंद होतात.

"गडबड करू नका" ऐवजी "पेन खाली ठेवा, माझ्याकडे पाहा" असं, नेमकं काय करायचं ते सांगा. कामाला किती वेळ आहे तेही सांगा.

सर्वांत महत्त्वाचं, "समजलं का?" विचारू नका. "हो" असंच उत्तर येतं. त्याऐवजी "आधी काय करायचं?" असं एखाद्याला विचारा आणि उत्तरासाठी किमान ३ सेकंद थांबा.

या आठवड्यात एका तासिकेला हे करून पाहा आणि कुठे अडलं ते गटात जरूर लिहा.