क्लासची हवा मोजा, मग फी भरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साथ आली की पुण्यातल्या क्लासच्या दारात तीन गोष्टी हमखास दिसतात: सॅनिटायझरची बाटली, कपाळावर रोखायची तापमापक बंदूक आणि सहा-सहा फुटांवर चिकटवलेले गोल. आत मात्र खिडक्या बंद. डिसेंबरात थंडी वाजते म्हणून, जुलैत पावसाचे शिंतोडे येतात म्हणून, संध्याकाळी डास येतात म्हणून आणि बारा महिने रस्त्यावरच्या धुळीचा नि हॉर्नचा त्रास होतो म्हणून. कोविडसारखा श्वासातून पसरणारा आजार असेल, तर सगळ्यात आधी त्या बंद खिडकीकडे बघायला हवं. योगाचा, गाण्याचा, झुंबाचा किंवा स्पर्धा परीक्षेचा क्लास लावताना स्वतःचा धोका कसा जोखावा, हे नीट सांगणारं फारसं कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी सापडले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट व्हॅलीतल्या एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर, त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं. त्या एकासह ५३ जण आजारी पडले, दोघं दगावले. त्याआधी फेब्रुवारीत दक्षिण कोरियातल्या चोनान शहरात झुंबासारख्या नाचाच्या वर्गांतून साखळी सुरू झाली आणि १२ व्यायामकेंद्रांशी संबंधित मिळून ११२ जणांना लागण झाली. वर्ग ५० मिनिटांचे, खोली साधारण ६० चौरस मीटरची, माणसं ५ ते २२. तिथेच एका बाधित प्रशिक्षिकेने पिलाटेस (संथ गतीचा व्यायामप्रकार) आणि योगाचे वर्ग घेतले होते, सात-आठ जणांचे. त्यांतल्या एकालाही लागण झाली नाही. एवढ्या छोट्या आकड्यावरून नियम बांधता येत नाही, पण पुढे जे कळत गेलं ते याच्याशी जुळणारं आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत-बाहेर करतो, दमछाक होईपर्यंत नाचणारा पन्नास लिटर आणि त्याहून जास्त. आवाज जितका चढा, तितके घशातून बाहेर पडणारे सूक्ष्म कणही जास्त. ते जमिनीवर पडत नाहीत, उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर तरंगत राहतात. म्हणून जमिनीवरच्या गोलांचा उपयोग फक्त अगदी समोरासमोरच्या शिंका-खोकल्यापुरता.

धोका जोखताना पहिला प्रश्न: या बॅचमध्ये आज एखादा बाधित असण्याची शक्यता किती? शहरात १०० माणसांमागे एक जण बाधित असेल, तर १२ जणांच्या बॅचमध्ये निदान एक तरी बाधित असण्याची शक्यता ११ टक्के येते आणि ४० जणांच्या बॅचमध्ये ३३ टक्के. ५०० मागे एक असेल तर हेच आकडे अनुक्रमे सव्वादोन-अडीच आणि पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरतात. नोंदवलेल्या रुग्णसंख्येवर मात्र विसंबू नये. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली होती. नोंदीतली रुग्णसंख्या त्याच्या जवळपासही नव्हती. त्यामुळे अधिकृत आकड्याला काही पटींनी गुणूनच हिशेब करावा, आणि आपल्या सोसायटीत, ऑफिसात, मुलांच्या वर्गात एकाच वेळी किती जण आजारी आहेत याकडेही लक्ष ठेवावं.

तापमापक बंदुकीने इथे काही साधत नाही. लक्षणं दिसण्याच्या दोनेक दिवस आधीपासून माणूस आजार पसरवू शकतो आणि तेव्हा ताप नसतोच. शिवाय ती बंदूक कपाळाची कातडी मोजते. जानेवारीत सकाळी सहाला दुचाकीवरून आलेल्याचं कपाळ गारच लागणार, आणि मे महिन्यात उन्हातून आलेला धडधाकट माणूस दारातून परत जाणार.

आता हवा. खोलीतली हवा किती शिळी झाली आहे ते कार्बन डायऑक्साइडवरून कळतं. बाहेर त्याचं प्रमाण दहा लाखात साधारण ४२० भाग, म्हणजे ४२० पीपीएम. आपल्या उच्छ्वासात ४०,००० च्या घरात. खोलीतला आकडा बाहेरच्यापेक्षा ४०० ने वाढला, की आपण घेतलेल्या हवेतला शंभरावा हिस्सा कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो.

एक उदाहरण करून बघू. फ्लॅटचा हॉल क्लाससाठी घेतलेला: लांबी २० फूट, रुंदी १५, उंची १०. म्हणजे ३००० घनफूट, साधारण ८५ घनमीटर. आत १२ माणसं, शांत बसलेली. दारंखिडक्या बंद, स्प्लिट एसी चालू. फटींतून येणाऱ्या हवेने तासाभरात खोलीची निम्मीच हवा बदलते असं धरलं, तर तासाअखेर आकडा २४०० च्या आसपास जातो. म्हणजे दर वीस श्वासांमागे एक श्वास दुसऱ्याने सोडलेला. याच खोलीत समोरासमोरच्या खिडक्या आणि बाल्कनीचं दार उघडून तासाला सहा वेळा हवा बदलली, तर आकडा कितीही वेळ बसलं तरी साडेआठशेच्या आसपास थांबतो. माणशी हवा पडते सेकंदाला जवळजवळ १२ लिटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घरं आणि रुग्णालयं सोडून इतर जागांसाठी माणशी किमान १० लिटर सांगितले, त्यात हे बसतं.

व्यायामाला मात्र हे पुरत नाही. संसर्ग रोखण्यासाठी अमेरिकेतल्या वायुवीजन अभियंत्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये काढलेल्या मानकात वर्गखोलीसाठी माणशी सेकंदाला २० आणि व्यायामशाळेसाठी ४० लिटर स्वच्छ हवा धरली आहे. आपल्या ८५ घनमीटरच्या हॉलमध्ये १२ जणांच्या झुंबाला तेवढी हवा द्यायची, तर तासाला वीस वेळा खोलीची हवा बदलावी लागेल. फ्लॅटच्या हॉलमध्ये ते जमत नाही. साथीच्या काळात झुंबा गच्चीवर किंवा सोसायटीच्या चारही बाजूंनी उघड्या पार्किंगमध्येच घ्यावी. पावसाळ्यातही पार्किंग चालतं.

कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर घेताना फसगत होते, म्हणून सांगतो. काही स्वस्त यंत्रं कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. हवेतल्या इतर वाफा हुंगून आकडा अंदाजाने दाखवतात. ओळखायची रीत सोपी आहे. यंत्र गच्चीवर दहा मिनिटं ठेवा. ४०० ते ४५० दाखवायला हवं. मग त्याच्याजवळ सॅनिटायझरची बाटली उघडा. आकडा उसळला तर ते यंत्र कामाचं नाही. खोके बघून ‘एनडीआयआर’ सेन्सर (अवरक्त किरणांनी कार्बन डायऑक्साइड मोजणारा) आहे का ते विचारा. क्लासमध्ये ते बसल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कुणाच्याही तोंडापासून हातभर लांब ठेवावं, आणि शेवटच्या दहा मिनिटांतला आकडा बघावा. सुरुवातीचा आकडा दिशाभूल करतो, खोली अजून भरायची असते.

खोलीची हवा तासाला किती वेळा बदलते तेही त्याच यंत्राने काढता येतं. क्लास सुटला, खोली रिकामी झाली, खिडक्या क्लासच्या वेळी होत्या तशाच. समजा आकडा १६२०, म्हणजे बाहेरच्यापेक्षा १२०० जास्त. तो ८२० वर, म्हणजे जास्तीचा भाग एक तृतीयांशावर यायला २० मिनिटं लागली, तर तासाला साधारण तीन वेळा हवा बदलते. एकामागून एक बॅचेस लावणाऱ्यांनी हे करावंच. तासाला निम्मीच हवा बदलणाऱ्या बंद खोलीत पंधरा मिनिटांनी आधीच्या बॅचची ८८ टक्के हवा तशीच उरलेली असते. सहा वेळा बदलणाऱ्या खोलीत २२ टक्के.

उपाय खर्चिक नाहीत, पण चुकतात नेमके कुठे ते बघा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. छताचा पंखा खिडक्या बंद असताना फक्त हवा ढवळतो. एक्झॉस्ट फॅन लावला आणि दारंखिडक्या घट्ट लावून घेतल्या, तर हवा आत यायला वाटच नसते. पंखा नुसता गरगरतो. तो दाराशेजारीच बसवला तर दारातून आलेली हवा तशीच बाहेर जाते आणि मागच्या रांगेला काही मिळत नाही. आत येण्याची वाट एका टोकाला, बाहेर जाण्याची दुसऱ्या टोकाला, असं असावं. एक्झॉस्ट नसेल तर टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा आणि समोरची खिडकी उघडा. चालतंय की नाही ते बघायला खिडकीशी उदबत्ती धरा. धूर कुठे ओढला जातो ते लगेच दिसतं. डासांची जाळी ठेवा, पण दर पंधरवड्याला धुवा. पुण्याच्या धुळीने गच्च झालेली जाळी ही बंद खिडकीच.

हेपा फिल्टरचा प्युरिफायर विषाणूचे कण गाळतो, कार्बन डायऑक्साइड नाही. मीटरचा आकडा त्याने उतरत नाही, धोका उतरतो. तासाला ३०० घनमीटर स्वच्छ हवा देणारं यंत्र वर सांगितलेल्या हॉलमधल्या १२ जणांना माणशी सेकंदाला सात लिटरची भर घालतं. मात्र तो आकडा सर्वांत वेगवान पंख्याचा असतो. आवाज नको म्हणून यंत्र हळू चालवलं, किंवा पडद्यामागे कोपऱ्यात ढकललं, की हिशेब कोलमडतो.

सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांबद्दल वेगळं लिहायला हवं. तिथे कुणी बोलत नाही, त्यामुळे लोक त्या सुरक्षित समजतात. पण धोका वेळेच्या पटीत साचत जातो आणि मुलं रोज आठ-दहा तास बसतात. त्यात भर प्लायवूडच्या कप्प्यांची! ते हवेतले कण अडवत नाहीत, उलट आडवी वाहणारी हवा अडवतात. अभ्यासिकेत १००० च्या वर आकडा जात असेल, तर खुर्च्या कमी कराव्यात.

योगवर्गात आसनं आतमध्ये चालतील. भस्त्रिका, कपालभाती आणि भ्रामरी शेवटी गच्चीवर घ्यावी. गाण्याच्या क्लासमध्ये समूहाऐवजी एकेकाला, पाळीपाळीने. शिकवणारा तासभर सगळ्यांत मोठ्याने बोलतो, म्हणून त्याने छोटा कॉलर माइक लावून आवाज खाली आणावा आणि एन-९५ मास्क लावावा. मास्क घेताना आयएस ९४७३ हे मानक बघावं आणि डोक्यामागून दोन पट्टे असलेला घ्यावा; कानाला अडकवायचे बहुतेक गालापाशी उघडे राहतात. घामाने भिजला की बदलावा. घरच्या घरी होणारी अँटिजेन चाचणी ‘निगेटिव्ह’ आली तरी सुरुवातीच्या दिवसांत ती चुकू शकते. लक्षणं असतील तर घरी थांबून ४८ तासांनी पुन्हा करावी.

साठी ओलांडलेले, मधुमेही, किंवा ज्यांच्या घरी केमोथेरपी चालू असलेलं माणूस आहे, त्यांनी हेच आकडे जास्त कडक लावावेत. लशीने गंभीर आजार बहुतांशी टळतो. लागण टाळण्याची तिची ताकद मात्र काही महिन्यांत ओसरते.

क्लासचालकांना एक कळकळीची विनंती. तीन महिन्यांची फी आगाऊ घेतलेली असते आणि चुकलेला दिवस बुडतो, म्हणून लोक खोकत खोकत येतात. आजारपणात चुकलेले दिवस पुढच्या महिन्यात धरून द्या. कुठल्याही यंत्रापेक्षा हे स्वस्त पडतं. आणि दारावर एक पाटी लावा: खोलीचं घनफळ, बॅचमधली कमाल माणसं, शेवटच्या दहा मिनिटांतला कार्बन डायऑक्साइडचा आकडा आणि तो मोजल्याची तारीख. पालकांनी तारीख आवर्जून वाचावी. मार्चमध्ये खिडक्या सताड उघड्या असताना मोजलेला आकडा जुलैत लागू पडत नाही. पावसाची झड असलेल्या दिवशी पुन्हा मोजून मागावा.

आपला,
वायुवीजन क्षेत्रात काम करणारा एक वाचक,
पुणे