मेकअप उतरवायला खोबरेल सर्वांनाच चालत नाही

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत सणासुदीच्या मेकअपविषयी लेख आला होता. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात, मेकअप उतरवण्यासाठी घरचे खोबरेल तेल हा सर्व प्रकारच्या त्वचेसाठी उत्तम व निर्धोक उपाय आहे, अशा अर्थाचे विधान होते, आणि लिंबाचा रसही सुचवला होता. लेख एरवी उपयुक्त होता. तथापि ‘सर्व प्रकारच्या’ या दोन शब्दांना माझी हरकत आहे, आणि ती नोंदवण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे वाटते. दिवसा मी कुडाळ तालुक्यात एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करतो आणि जत्रांच्या हंगामात एका हौशी दशावतार मंडळात स्त्रीपार्ट करतो. म्हणजे चेहऱ्याला काय लावावे आणि काय लावू नये हे गिऱ्हाइकाला सांगणे हा माझा व्यवसाय, आणि हंगामातल्या कित्येक पहाटे स्वतःच्या चेहऱ्यावरचा रंग काढत बसणे हा माझा छंद.

दशावतारात रंगभूषाकार वेगळा नसतो. ज्याचा त्याने आरसा पुढ्यात घ्यायचा आणि ज्याचा त्याने रंग लावायचा. पूर्वी सफेदा आणि पिवडी असे, आता पॅनकेक, फाउंडेशन, पाण्याने न निघणारे काजळ आणि रात्रभर टिकणारी लिपस्टिक असते. आख्यान उजाडेपर्यंत चालते, त्यामुळे हा सगळा थर घामासकट सात-आठ तास चेहऱ्यावर राहतो. खेळ संपवणारा दहिकाला झाला की आम्ही देवळामागच्या विहिरीवर जातो. तिथे कुणीतरी आणलेली खोबरेलाची वाटी असते. पौषातल्या पहाटे ती थिजून पांढरी झालेली असते, कारण साधारण २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठते. मग ती चहावाल्याच्या चुलीजवळ धरायची, दोन बोटांनी लोणी काढावे तसे तेल काढायचे आणि कपाळापासून गळ्यापर्यंत चोळायचे. पुसायला जुन्या लुंगीचा एक फडका. जो पहिला येतो त्याला त्याचा पांढरा भाग मिळतो, शेवटच्याच्या वाट्याला गुलाबी-काळा चिखल येतो. त्यानंतर विहिरीच्या काठावर जो साबण असेल तो.

तिसऱ्या हंगामात माझ्या हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि गंगावन बांधतो त्या कपाळाच्या रेषेवर मुरुमे आली. साधी पुरळ नव्हे, तर कातडीखाली दाटलेल्या, दुखणाऱ्या गाठी. ‘तुका रंग सोसना नाय’ असे मंडळातील ज्येष्ठांनी निदान केले, आणि मलाही ते पटले होते. मी रंगाचे डबे बदलले, फरक पडला नाही. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा ‘रंग कोणता लावता’ हे विचारण्याआधी त्यांनी ‘रंग काढता कशाने’ हे विचारले. औषधे विकण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न आपणहून सुचला नाही, याची मला आजही थोडी लाज वाटते.

खोबरेलाने रंग निघत नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही. रंग तेलात आणि मेणात कालवलेला असतो, पाणी त्याला हात लावू शकत नाही, तेल मात्र त्याला सहज विरघळवते. अडचण त्यानंतरची आहे. खोबरेल पाण्यात मिसळत नाही. फडक्याने कितीही पुसले तरी त्याचा एक पातळ थर, त्यात विरघळलेल्या मेणासकट आणि रंगाच्या बारीक कणांसकट, कातडीवर राहतोच. ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांना तो थर मानवतो, हवाहवासाही वाटतो. ज्यांच्या त्वचेतील तैलग्रंथी मुळातच जास्त काम करतात आणि रंध्रांची तोंडे लवकर बुजतात, त्यांच्यासाठी तो बुचासारखा ठरतो. त्यात आपली किनारपट्टीची हवा अशी की घाम वाळत नाही आणि चेहरा दिवसभर ओशट राहतो. सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांचे वर्णन क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकी संशोधकांनी १९७२ सालीच केले होते आणि त्यांना ‘ॲक्ने कॉस्मेटिका’ असे नावही दिले होते, त्यामुळे हा काही आजकालचा शोध नव्हे.

रंध्रे बुजवण्याच्या प्रवृत्तीनुसार पदार्थांना ० ते ५ असे अंक देण्याची एक पद्धत आहे, आणि प्रचलित तक्त्यांत खोबरेलाला ४ हा अंक दिलेला आढळतो. येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की या चाचण्या बव्हंशी सशाच्या कानावर झाल्या आणि सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा बरीच हळवी असते. त्यामुळे तो अंक म्हणजे अंतिम निकाल नव्हे. आमच्या मंडळातील राजापार्ट करणारे गृहस्थ अनेक वर्षे खोबरेलानेच रंग काढत आले आहेत आणि त्यांचे गाल आजही केळीच्या पानासारखे तुकतुकीत आहेत. पण ज्याला मुरुमे येतच आहेत, त्याने राजापार्टाच्या गालांकडे बघून आपला उपाय ठरवू नये. नारळाचा रस आटवून घरी काढलेले आवेल वापरले तर चालेल का, असा प्रश्न मला दुकानात हटकून विचारला जातो. तेल घरचे आणि शुद्ध असले म्हणून त्यातील मेदाम्ले बदलत नाहीत, त्यामुळे उत्तर तेच. घरच्या आणि बाजारच्या खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्लच असते.

आता साबणाविषयी. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो; अंगाच्या साबणाच्या वडीचा ९ ते १० असतो. तेलाचा थर घालवण्यासाठी म्हणून चेहरा दोन-तीनदा साबणाने घासला, की त्वचा ताणल्यासारखी होते, सोलते, लाल पडते, आणि मुरुमांवरची औषधे चालू असतील तर हमखास आग होते. शिवाय खाडीकाठच्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचे पाणी मचूळ होते. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्यातील क्षारांशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो कातडीवर बसतो. वेंगुर्ल्याच्या बाजूला खेळ असला की दुसऱ्या दिवशी माझा चेहरा अधिक बिघडे, याचे कारण मला फार उशिरा उमगले.

मग घ्यायचे काय? दाट मेकअप असेल तर तेलच घ्यावे, पण पाण्याने धुऊन जाणारे. बाजारात ‘क्लेंझिंग ऑइल’ किंवा ‘क्लेंझिंग बाम’ या नावाने जे मिळते त्यात तेलाबरोबर त्याला पाण्यात मिसळवणारा घटक असतो, आणि साध्या खोबरेलात तोच नसतो. ते कोरड्या हाताने कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर हलकेच फिरवावे, मग ओंजळभर पाणी घ्यावे. तेल लगेच दुधासारखे पांढरे होते आणि रंगाला घेऊन वाहून जाते. ते पांढरे झाले नाही तर ती बाटली आपल्या कामाची नाही, असे खुशाल समजावे. त्यानंतर एकदा सौम्य फेसवॉश. त्यावर ‘सोप-फ्री’ किंवा सामू ५.५ असे छापलेले असेल तर बरे. खात्री करायची असेल तर ओल्या पांढऱ्या सुती कापडाने जबड्याची कडा आणि केसांची रेषा टिपून पाहावी. गाल सगळेच धुतात, रंग राहतो तो या दोन ठिकाणी.

रोजच्या हलक्या मेकअपसाठी, म्हणजे थोडी पावडर, काजळ आणि सनस्क्रीन एवढ्यासाठी, मायसेलर वॉटर पुरते. त्याची साधी छोटी बाटली २००-३०० रुपयांत येते. त्यात साबणासारखेच पण फार सौम्य काम करणारे घटक पाण्यात थोड्या प्रमाणात असतात आणि ते तेलकट मळ उचलून धरतात. नंतर धुण्याची गरज नाही असे बाटलीवर छापलेले असले, तरी ज्याला मुरुमे येतात त्याने चेहरा पाण्याने धुवावाच, कारण उचललेला मळ आणि उचलणारा घटक दोन्ही थोडे थोडे मागे राहतात. डोळ्यांसाठी कापूस भिजवून पापणीवर पंधरा-वीस सेकंद नुसता धरावा. काजळ सुटते, घासावे लागत नाही.

ओल्या वाइप्सची सोय मला कळते. एसटीत बसल्या बसल्या चेहरा पुसता येतो. पण त्या रंग जितका काढतात तितकाच पसरवतात, आणि फुगलेल्या मुरुमावर कापड घासणे हे जखमेवर घासण्यासारखेच आहे. काही वाइप्समध्ये वापरले जाणारे मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक ॲलर्जी करण्याबद्दल इतके बदनाम झाले की अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञ संस्थेने २०१३ मध्ये ते ‘वर्षाचे ॲलर्जन’ म्हणून जाहीर केले. आपल्या लेखातील लिंबाच्या रसाबद्दल एवढेच म्हणतो की सोलकढी करताना बोट कापलेले असेल आणि त्यावर आमसुलाचे पाणी लागले, तर जे होते ते फुटलेल्या मुरुमावर लिंबाने होते. आपल्याकडचे मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, टाचांच्या भेगांना उत्तम आहे. ते टाचांनाच राहू द्यावे.

बाटली घेताना पुढच्या बाजूची फुले-पाने पाहू नयेत, मागची घटकांची यादी वाचावी. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे रंध्रे न बुजवणारे) हा शब्द असला तर चांगलेच, पण त्याला कायद्याची ठरलेली व्याख्या नाही. यादीत आयसोप्रोपिल मिरिस्टेट, नारळाचे तेल, डिनेचर्ड अल्कोहोल, मेंथॉल किंवा सुगंध वरच्या क्रमांकांवर असतील, तर मुरुमांच्या त्वचेने ती बाटली ठेवून द्यावी. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून वरच्या क्रमांकांना महत्त्व. मात्र ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव पॅकला या यादीतून सवलत आहे, आणि गावोगावच्या दुकानांत, जत्रेतल्या बांगड्यांच्या पालांत खपतात त्या नेमक्या याच छोट्या बाटल्या. मागच्या मे महिन्यात लग्न आठ दिवसांवर आलेली एक मुलगी अशी बाटली घेऊन दुकानात आली. दोन्ही गाल सोललेले, आणि बाटलीवर गुलाबाच्या चित्राखेरीज काही नाही. तिला काय लागले हे ना तिला सांगता येईना, ना मला. नवीन काहीही घ्यायचे तर आधी जबड्याखाली दोन बोटांएवढ्या जागेवर तीन-चार दिवस लावून पाहावे, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. लग्नघरातली माणसे ऐकत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

मी स्वतः गेले चार हंगाम पेटाऱ्यात क्लेंझिंग बामची डबी, सौम्य फेसवॉश आणि स्वतःचे वेगळे सुती पंचे नेतो. मुरुमे पूर्ण गेली असे नाही, त्यासाठी डॉक्टरांचे औषधही चालू होते. पण गाठी येणे थांबले. सुरुवातीला मंडळात थोडी थट्टा झाली. आता आमचा संकासूर करणारा मुलगा माझ्याच डबीत बोट घालतो.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर आमच्याकडे जत्रा सुरू होतील, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईही लागेल, आणि आपली पुरवणी वाचून वाटीभर खोबरेल घेऊन बसणाऱ्यांत तारुण्यपीटिकांनी त्रासलेल्या मुलीही असतील आणि माझ्यासारखे स्त्रीपार्टही. म्हणून विनंती इतकीच की पुढील अंकात त्या लेखाखाली ‘मुरुमे येणाऱ्या त्वचेसाठी खोबरेल व लिंबाचा रस वापरू नये’ अशी एक ओळ दुरुस्ती म्हणून छापावी.

आपला,
एक वाचक व हौशी दशावतार कलावंत,
कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग